ऑनलाइन बुकिंगची अ‍ॅप देहविक्रय करणाऱ्या महिलांसाठी सुरक्षित आहेत का?

भुसावळ परिसरातील एका ताईंनी पीअर एज्युकेटरमार्फत, म्हणजे याच महिलांमधून निवडलेल्या आरोग्य कार्यकर्तीमार्फत, विचारलेला प्रश्न असा आहे. त्या प्रौढ आहेत, स्वतःच्या निर्णयाने देहविक्रयाचे काम करतात आणि आजवर दलालाने ठरवलेल्या लॉजवर जात आल्या आहेत. दलालाला कमाईतला मोठा वाटा द्यावा लागतो, शिवाय कोणत्या माणसासमोर जायचे हे आधी कळत नाही. म्हणून सर्वसामान्य लोक वापरतात तीच साधने, म्हणजे हॉटेलच्या खोलीसाठी बुकिंगचे अ‍ॅप, वेळ ठरवण्यासाठी अपॉइंटमेंटचे अ‍ॅप आणि पैशांसाठी यूपीआय, वापरता येतील का आणि त्यात आपण सुरक्षित राहू का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील न्यायालयांत या महिलांची प्रकरणे मी अनेक वर्षे चालवीत आले आहे, त्या अनुभवावरून आधी थेट उत्तर देते. स्वतःच्या मुक्कामासाठी खोली, प्रवास आणि पैशांचा व्यवहार यांसाठी ही साधने काळजीपूर्वक वापरता येतात. गिऱ्हाईक मिळवण्यासाठी किंवा त्याची वेळ ठरवण्यासाठी मात्र ती सुरक्षित नाहीत. या अ‍ॅपवर तुमची नोंद पूर्ण होते, म्हणजे नाव, फोन नंबर, ओळखपत्र, बँक खाते आणि ठावठिकाणा असे सारे काही. समोरच्या माणसाची जी माहिती कंपनीकडे जमा होते, ती मात्र तुम्हाला दिसत नाही. दलालाच्या व्यवस्थेत तुम्हाला अंधारात ठेवले जाते हे खरे आहे, पण या अ‍ॅपवर गेल्याने तो अंधार सरत नाही, उलट तुमच्या बाजूला लख्ख उजेड पडतो.

पुढचे सर्व विवेचन अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि कोणाच्याही जबरदस्तीखाली नसलेल्या व्यक्तींपुरतेच आहे. अल्पवयीन मुलगी असेल, किंवा नोकरी अथवा लग्नाच्या आमिषाने आणलेली, कर्जात अडकवलेली कोणी असेल, तर तिथे बुकिंगच्या सुरक्षिततेचा प्रश्नच उद्भवत नाही. ११२ (आपत्कालीन मदत) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) या क्रमांकावर तात्काळ कळवणे हाच मार्ग आहे.

आता कायदा. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ हा प्रौढ महिलेने एकटीने, स्वतःच्या इच्छेने, खाजगी जागेत केलेल्या देहविक्रयाला गुन्हा ठरवत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन महिलांना सुधारगृहातून मुक्त करताना हीच बाब स्पष्ट केली होती. तथापि त्या कामाभोवतीचे जवळजवळ सर्व काही याच कायद्याने गुन्हा ठरते: कुंटणखाना चालवणे किंवा त्यासाठी जागा देणे (कलम ३), देहविक्रयाच्या कमाईवर जगणे (कलम ४), त्यासाठी व्यक्ती मिळवून देणे (कलम ५), धार्मिक स्थळे, शैक्षणिक संस्था, रुग्णालये इत्यादींपासून दोनशे मीटरच्या आत हे काम करणे (कलम ७) आणि सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाइकाला आकर्षित करणे (कलम ८). कुंटणखान्याची व्याख्या तर इतकी व्यापक आहे की दोन महिला एकमेकींच्या फायद्यासाठी एकच खोली वापरत असतील, तर ती खोलीही त्यात बसू शकते. कायदा १९५६ चा असल्यामुळे त्यात ऑनलाइन जाहिरातीचा विचार झालेला नाही, पण म्हणून ती मोकळीक समजू नये. मजकूर किंवा छायाचित्र अश्लील मानले गेले तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ६७ लागू शकते आणि त्यात पहिल्याच दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंतचा कारावास आहे.

येथे एका गैरसमजाविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्यापायी अनेक जणी निर्धास्त झालेल्या मी पाहते. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात दिलेला आदेश व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आता धंदा कायदेशीर झाला, पोलीस हात लावू शकत नाहीत’ अशा स्वरूपात फिरला. तो आदेश मोलाचा आहे, पण त्याचा अर्थ तेवढा सोपा नाही. न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या काही शिफारशींवर केंद्र सरकारने आक्षेप नोंदवले होते. स्वेच्छेने काम करणाऱ्या प्रौढ महिलेच्या कामात पोलिसांनी हस्तक्षेप करू नये आणि छाप्यात तिला अटक करू नये, या शिफारशी त्यांत येतात. ज्यांवर आक्षेप नव्हता त्यांची अंमलबजावणी करण्याचे निर्देश मात्र राज्यांना स्पष्टपणे दिले गेले: लैंगिक अत्याचार झालेल्या महिलेला तात्काळ वैद्यकीय मदत, पोलिसांची सन्मानाची वागणूक, माध्यमांनी ओळख उघड न करणे आणि निरोध जवळ असणे हा गुन्ह्याचा पुरावा न मानणे. छाप्याच्या वेळी पोलिसांशी बोलताना या चार गोष्टी ठामपणे सांगता येतात. ‘आम्हाला हातच लावता येत नाही’ हे वाक्य मात्र पोलीस ठाण्यात उपयोगी पडत नाही.

हा कायदा समोर ठेवून अ‍ॅपकडे पाहिले म्हणजे अडचण लक्षात येते. अपॉइंटमेंट घेण्याची जी सर्वसाधारण साधने आहेत, ज्यांवर ब्यूटी पार्लर, मसाज, फिजिओथेरपी, शिकवणी यांच्या वेळा ठरतात, त्यांच्या अटींमध्ये लैंगिक सेवांना बहुधा मनाई असते. त्यामागे कंपनीची नीतिमत्ता असो वा नसो, पैशांची साखळी नक्की असते. पैसे स्वीकारून देणाऱ्या मोठ्या कंपन्या, उदाहरणार्थ पेपाल आणि स्ट्राइप, अशा सेवांना आपल्या नियमांनुसार थारा देत नाहीत, आणि आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये पेमेंट अ‍ॅग्रिगेटर, म्हणजे व्यापाऱ्यांसाठी ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या, कंपन्यांवर व्यापाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचे बंधन घातले आहे. त्यामुळे ‘मसाज’ किंवा ‘समुपदेशन’ असे लिहून उघडलेले खाते काही काळ चालते आणि एखाद्या गिऱ्हाइकाच्या तक्रारीनंतर कोणतीही पूर्वसूचना न देता बंद होते. खाते बंद होते तेव्हा आगाऊ आलेली रक्कम अडकते, गिऱ्हाइकांची यादी हातातून जाते, तुमचे ओळखपत्र आणि बँक तपशील मात्र कंपनीकडेच राहतात. शिवाय चुकीचा व्यवसाय लिहून खाते उघडलेले असल्यामुळे तक्रार करायला जागा उरत नाही.

अमेरिकेत ११ एप्रिल २०१८ रोजी फोस्टा-सेस्टा हा कायदा लागू झाल्यानंतर हेच मोठ्या प्रमाणावर घडले. वापरकर्त्यांच्या मजकुरासाठी संकेतस्थळांना जे कायदेशीर संरक्षण होते ते देहविक्रयाच्या बाबतीत आकसले. क्रेगलिस्ट या जाहिरातींच्या संकेतस्थळाने त्याआधीच, मार्चमध्ये, व्यक्तिगत जाहिरातींचा विभाग बंद केला होता. ज्या महिला तिथे गिऱ्हाइकाची आधी पारख करून घेत असत, त्यांपैकी अनेकींना पुन्हा रस्त्यावर किंवा दलालाकडे जावे लागले, अशी तिथल्या महिलांची आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांची सातत्याने तक्रार राहिली आहे. मुक्कामासाठी घरे आणि खोल्या मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी कंपनीच्या मालकीच्या एका पेटंटमध्ये माणसाचा ऑनलाइन वावर तपासून त्याची विश्वासार्हता जोखण्याची पद्धत वर्णिलेली असून देहविक्रयाशी संबंध हा त्यात प्रतिकूल मुद्दा धरलेला आहे, ही बाबही २०२० मध्ये जगभर चर्चेत आली. तो कायदा अमेरिकेचा असला तरी आपण वापरतो त्यांतली अनेक अ‍ॅप तिथल्याच कंपन्यांची आहेत आणि त्यांचे नियम सावद्यात आणि शहाद्यातही तेच असतात.

खोलीच्या बुकिंगविषयी वेगळा विचार करावा लागतो. प्रौढ स्त्रीने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खऱ्या ओळखपत्रावर हॉटेलची खोली घेणे पूर्णपणे कायदेशीर आहे आणि तिथे आपला व्यवसाय सांगण्याचे बंधन नाही. अडचण येते ती हॉटेलमालकाच्या बाजूने. आपल्या जागेत देहविक्रय चालतो हे माहीत असून त्याने चालू दिले, तर कलम ३ किंवा कलम ७ खाली तो आरोपी होऊ शकतो आणि कलम ७ खालील दोषसिद्धीत हॉटेलचा परवानाही किमान तीन महिने निलंबित होऊ शकतो. म्हणून तो एक तर खोली नाकारतो, किंवा देतो आणि त्या बदल्यात गप्प राहण्याचे पैसे मागतो. अ‍ॅपवर पैसे भरून ‘कन्फर्म’ झालेली खोलीही काउंटरवर नाकारली जाऊ शकते. ओयो कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये मेरठपासून लागू केलेल्या धोरणात भागीदार हॉटेलांना अविवाहित जोडप्यांना प्रवेश नाकारण्याची मुभा दिली होती, यावरून हवा कोणत्या दिशेने वाहते आहे ते कळते.

खान्देशात याला आणखी एक पैलू आहे. जळगाव, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर या गावांत हॉटेलच्या रजिस्टरवर लिहिलेले आडनाव आणि मूळ गाव पाहून काउंटरवरचा माणूस तुमची भावकी सांगू शकतो. मोठ्या शहरात जे ओळखपत्र केवळ एक कागद असते, ते येथे घरापर्यंत पोहोचणारी वाट असते. घरी न सांगता काम करणाऱ्या अनेक जणी सुरत, नाशिक किंवा इंदूरला जाणे पसंत करतात ते याच कारणाने, मात्र सुरतेत खान्देशी वस्ती एवढी मोठी आहे की तिथेही निर्धास्त राहता येत नाही. माझा सल्ला असा आहे की दुसऱ्याचे आधार किंवा फेरफार केलेले ओळखपत्र कधीही देऊ नये. तो स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे आणि एरवी साक्षीदार म्हणून सुटणारी महिला त्यामुळे आरोपी होते. त्याऐवजी आधारची ‘मास्क्ड’ प्रत वापरावी, जिच्यावर क्रमांकाचे केवळ शेवटचे चार अंक दिसतात. झेरॉक्सवर तारीख आणि ‘फक्त मुक्कामासाठी’ असे लिहावे. ज्यांच्याकडे पत्त्याचा पुरावा नसल्याने आधारच नाही, त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच २०२२ च्या आदेशानुसार नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) राजपत्रित अधिकाऱ्याच्या किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या प्रमाणपत्रावर आधार काढण्याची सोय आहे, आणि त्या आधारवर व्यवसाय ओळखू येईल अशी कोणतीही खूण नसते.

पैशांच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान होताना मी पाहते. यूपीआय अ‍ॅपमध्ये टोपणनाव ठेवले की खरे नाव लपते, हा समज आता टाकून दिला पाहिजे. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या सूचनेनुसार ३० जून २०२५ पासून पैसे पाठवणाऱ्याला बँकेत नोंदलेले खरे नावच दिसते. म्हणजे पन्नास रुपये पाठवून कोणीही गिऱ्हाईक तुमचे पूर्ण नाव मिळवू शकतो, आणि तोच नंबर फेसबुकला किंवा मुलांच्या शाळेच्या ग्रुपला जोडलेला असेल, तर तुमच्या घराचा शोध लागायला त्याला फारसा वेळ लागत नाही. यावर पूर्ण उपाय नाही. धोका कमी करता येतो. कामासाठी वेगळे सिमकार्ड घ्यावे, पण स्वतःच्याच कागदपत्रांवर घ्यावे, कारण दुसऱ्याच्या ओळखीवर सिम घेणे दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार गुन्हा आहे. त्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो ठेवू नये, फोनमधील संपर्क कोणत्याही अ‍ॅपला देऊ नयेत, आणि अनोळखी माणसाकडून शक्यतो रोखच घ्यावी. पैसे स्वीकारण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. ‘अ‍ॅडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असे सांगणारा माणूस तुमच्या खात्यातले पैसे काढून घेत असतो आणि तुम्ही तक्रार करणार नाही हे त्याने गृहीत धरलेले असते.

दुसरा धोका कमी बोलला जातो. सायबर फसवणुकीतला पैसा हातोहात फिरतो आणि त्यातली एखादी रक्कम गिऱ्हाइकाने तुम्हाला दिलेली असेल, तर कुठल्या तरी दूरच्या राज्यातल्या तक्रारीवरून तुमच्या खात्यातली रक्कम गोठवली जाते. मग बँक विचारते, हे पैसे कशाचे? त्या प्रश्नाला खोटे उत्तर लिहून देऊ नये; उत्तर देण्याआधी वकिलाला भेटावे. घरखर्चाचे, बचतगटाचे आणि शासकीय अनुदानाचे खाते या व्यवहारांपासून वेगळे ठेवले, तर निदान चूल तरी बंद पडत नाही.

आता सुरक्षिततेच्या मुळाशी येते. या कामात जिवाला खरा आधार देणारी गोष्ट एकच आहे: आपण कुठे आहोत, कोणासोबत आहोत आणि किती वाजता परतणार, हे दुसऱ्या एका माणसाला माहीत असणे. एकही सर्वसाधारण बुकिंग अ‍ॅप हे काम तुमच्या बाजूने करत नाही. आणि दुःखाची गोष्ट अशी की कायदा नेमका याच आधारावर संशय घेतो. कलम ४ नुसार देहविक्रय करणाऱ्या महिलेसोबत राहणारा किंवा सतत तिच्या संगतीत असणारा प्रौढ माणूस तिच्या कमाईवर जगतो असे गृहीत धरले जाते आणि तसे नसल्याचे त्यालाच सिद्ध करावे लागते. मैत्रिणीने तुमच्या वतीने अ‍ॅपवर वेळा घेतल्या, तुमचे पैसे तिच्या खात्यात आले, किंवा दोघींनी मिळून खोली घेतली, तर कलम ३, ४ किंवा ५ तिच्यावर लागू शकते. महिलांना एकटीने काम करायला भाग पाडणारी ही तरतूद त्यांचा जीव धोक्यात घालते, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ती बदलली पाहिजे. तोवर मैत्रिणीने फक्त खबर ठेवावी. बुकिंग आणि पैसे यांना हात लावू नये. खोलीत जाण्याआधी तिला हॉटेलचे नाव, खोली क्रमांक आणि समोरच्याचा नंबर पाठवावा, लोकेशन चालू ठेवावे आणि ठरलेल्या वेळी फोन आला नाही तर ती ११२ ला फोन करील हे दोघींनी आधी ठरवून घ्यावे. त्या फोनमुळे छापा पडेल, ही भीती मला माहीत आहे; तरीही जिवावर बेतले असेल तर तो फोन झालाच पाहिजे.

अत्याचार झाला किंवा निरोध फाटला, तर एचआयव्ही प्रतिबंधाचे औषध ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके चांगले, सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये ते मिळते आणि १०९७ या मोफत क्रमांकावर मार्गदर्शनही मिळते. पैसे घेतले होते म्हणून बलात्काराची तक्रार करता येत नाही, हे साफ चूक आहे. कोणत्याही स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिच्या खाजगीपणाचा अधिकार हिरावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच मर्डीकर प्रकरणात १९९० मध्ये सांगितले आहे.

शेवटी फोटो आणि धमकीविषयी. १९९४ साली जळगावात उघडकीला आलेल्या लैंगिक शोषण कांडात छायाचित्रांच्या धाकाने मुलींना आणि महिलांना वर्षानुवर्षे गप्प ठेवले गेले आणि नाव उघड होण्याच्या भीतीने कित्येक जणी न्यायालयापर्यंत आल्याच नाहीत. तेव्हा कॅमेरा मोजक्या हातांत होता, आज प्रत्येक खिशात आहे. म्हणून चेहरा, गोंदण, मंगळसूत्र किंवा घरातली भिंत दिसेल असा फोटो कोणत्याही अ‍ॅपवर टाकू नये आणि व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवू नये. धमकी आलीच तर पहिला हप्ता देऊ नये. एकदा दिले की मागणी थांबत नाही. खंडणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खालचा गुन्हा आहे, संमतीशिवाय खाजगी चित्र काढणे किंवा पसरवणे कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ई खाली येते, आणि माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांनुसार अशा चित्राविषयी तक्रार मिळाल्यावर ते विहित मुदतीत हटवणे कंपनीवर बंधनकारक आहे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवावे.

बहुतेक जणी घाबरून सर्वप्रथम चॅट डिलीट करतात, खाते बंद करतात आणि सिम फेकून देतात, आणि त्याबरोबर समोरच्याच्या विरुद्धचा एकमेव पुरावाही नाहीसा होतो. तसे करू नये. नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, ते विश्वासातल्या एका व्यक्तीकडे ठेवावेत आणि मूळ फोन तसाच राखावा, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ फोन हाती असेल तर ते देणे सोपे जाते. गावातल्या पोलीस ठाण्यात जायचे नसेल, तर ‘झिरो एफआयआर’ कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. भुसावळची तक्रार धुळ्यातही घेतली गेली पाहिजे. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो, त्यासाठी १५१०० वर फोन करावा किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातील कार्यालयात जावे, आणि तिथे आपले काम काय आहे हे पहिल्याच भेटीत सांगण्याची गरज नाही. वकिलासमोर एकट्या असाल तेव्हा सांगितले तरी चालते.